अमरत्वाचा जमाखर्च

मृत्यूनंतर देह अतिशीत अवस्थेत जपून ठेवावा, पुढील शतकांतील वैद्यकाने त्याचा रोग बरा करावा आणि त्यास पुन्हा उठवावे, या कल्पनेला अमेरिकेत क्रायॉनिक्स असे नाव आहे. या कल्पनेची थट्टा करणे सोपे आहे आणि तिच्यावर भाबडा विश्वास ठेवणे त्याहून सोपे आहे. या दोन्ही गोष्टी टाळून तिच्या साठ वर्षांच्या हिशेबाच्या वह्या उघडल्या, तर एक विलक्षण वस्तुस्थिती समोर येते. आजवर जे गोठलेले देह हातचे गेले, त्यांतील बहुतेक हप्ता थकला, संस्था बुडाली, भागीदार भांडले किंवा वारसांचे मन पालटले म्हणून गेले. मृताला उठवता येईल की नाही हा शास्त्रज्ञांचा प्रश्न आहे. त्याला तोवर कोणी, कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या श्रमाने सांभाळावे, हा मात्र सर्वस्वी अर्थशास्त्राचा आणि राजकारणाचा प्रश्न आहे.

या चळवळीचे जनक रॉबर्ट एटिंजर हे मिशिगन राज्यातील पदार्थविज्ञानाचे शिक्षक. दुसऱ्या महायुद्धात ते जखमी झाले होते आणि शस्त्रवैद्यांनी त्यांचे पाय वाचवले होते. वैद्यकावरील त्यांच्या अमर्याद श्रद्धेचे मूळ बहुधा तेथेच असावे. ‘द प्रॉस्पेक्ट ऑफ इमॉर्टॅलिटी’ हे त्यांचे पुस्तक १९६२ साली खाजगी स्वरूपात आणि १९६४ साली डबलडे या प्रकाशनसंस्थेकडून निघाले. शीतविज्ञानाने तोवर काही थोडके साधले नव्हते. १९४९ साली इंग्लंडमधील संशोधकांनी ग्लिसरॉलच्या साहाय्याने शुक्रबीजे गोठवून पुन्हा जिवंत करून दाखवली होती. पेशी गोठते तर मनुष्य का गोठू नये, असा एटिंजर यांचा प्रश्न होता. या प्रश्नाचे उत्तर अद्याप मिळालेले नाही. २०२३ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात उंदराचे मूत्रपिंड काचरूप अवस्थेत गोठवून, पुन्हा उबदार करून, दुसऱ्या उंदराच्या शरीरात यशस्वीपणे बसवण्यात आले. परंतु अशा अवस्थेतून कोणताही संपूर्ण सस्तन प्राणी आजतागायत परत आलेला नाही. एक मूत्रपिंड आणि एक मनुष्य यांत किती अंतर आहे हे सांगण्यास शास्त्रज्ञ असण्याची गरज नाही.

१२ जानेवारी १९६७ रोजी कॅलिफोर्नियातील ग्लेनडेल येथे जेम्स बेडफर्ड हे मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक वयाच्या ७३ व्या वर्षी कर्करोगाने निवर्तले. भावी पुनरुज्जीवनाच्या आशेने गोठवलेला आणि आजही गोठलेला असा त्यांचा पहिलाच देह. त्याचा पुढील प्रवास पाहावा. प्रथम तो ॲरिझोनातील फीनिक्स येथे गेला. तेथील कंपनीचा चालक व्यवसायाने केसांचे टोप बनवणारा होता. त्या कंपनीने हा उद्योग सोडल्यावर देह कॅलिफोर्नियातील दुसऱ्या कारखान्यात आला, तेथून तिसऱ्या संस्थेकडे गेला, आणि १९७७ नंतर काही वर्षे खुद्द कुटुंबीयांनी तो भाड्याच्या गाळ्यात ठेवून स्वहस्ते त्यात द्रव नायट्रोजन ओतला. १९८२ साली तो अल्कॉर या संस्थेच्या स्वाधीन झाला. बेडफर्ड यांनी या कार्यासाठी मृत्युपत्रात १ लाख डॉलर ठेवले होते. परंतु इतर नातलगांनी मृत्युपत्रास आव्हान दिल्यामुळे त्याहून अधिक रक्कम पत्नी व मुलगा यांना कज्जेदलालीत खर्चावी लागली. म्हणजे ज्याचा देह टिकला त्याचा निधी टिकला नाही. एका मुलाची निष्ठा टिकली, म्हणून बेडफर्ड राहिले.

इतरांचे मुलगे इतके निष्ठावान नव्हते, किंवा इतके सधन नव्हते. १९७३ सालापूर्वी अमेरिकेत जे देह गोठवले गेले, त्यांपैकी बेडफर्ड वगळता एकही आज गोठलेल्या अवस्थेत नाही. यांतील सर्वांत दारुण कथा चॅट्सवर्थची. कॅलिफोर्नियातील या गावाच्या दफनभूमीत क्रायॉनिक्स सोसायटी ऑफ कॅलिफोर्नियाने १९७० साली एक तळघर बांधले. संस्थेचा अध्यक्ष रॉबर्ट नेल्सन हा दूरचित्रवाणी संच दुरुस्त करणारा कारागीर होता. ना त्याच्याजवळ भांडवल, ना शास्त्राचे शिक्षण. नातलगांनी वेळोवेळी पैसे द्यावेत आणि संस्थेने त्यातून नायट्रोजन विकत घ्यावा, अशी व्यवस्था ठरली होती. पहिल्या वर्षाचा शोक ओसरला तसे पैसे येणे मंदावले आणि पुढे थांबले. एकासाठी बनवलेल्या कुपीत अनेक देह कोंबण्यात आले. पंप बिघडले. कॅलिफोर्नियाच्या उन्हाळ्यात तळघरातील देह वितळले, कुजले. तरीही काही नातलगांना बराच काळ त्याची वार्ता नव्हती. १९७९ साली हा प्रकार उघडकीस आला. नऊ देह नष्ट झाले होते. १९८१ साली ज्यूरीने नेल्सन आणि त्याचा सहकारी असलेला अंत्यविधी-व्यावसायिक यांच्याविरुद्ध सुमारे ८ लाख डॉलरच्या भरपाईचा निर्णय दिला.

या प्रकरणात नेल्सनला खलनायक ठरवून मोकळे होणे वृत्तपत्रांना सोयीचे होते. त्याने सत्य दडवले हा अपराध निःसंशय आहे. परंतु ज्या व्यवस्थेत मृताचे अस्तित्व दरमहा एखाद्या विधवेच्या किंवा भावाच्या पाकिटातून विकत घ्यायचे आहे, ती व्यवस्था साधुसंतांच्या हाती दिली असती तरी कोसळलीच असती. दुःख ही भावना खरी असते, पण ती नियमित उत्पन्नाचे साधन होऊ शकत नाही. जिवंत माणसांची घरभाडी असतात, मुलांच्या शाळेची फी असते. त्यांनी हप्ता थांबवला यात कोणता नीतिभंग झाला?

हा धडा दोन संस्थांनी गिरवला आणि म्हणून त्या आजही उभ्या आहेत. १९७२ साली चेंबरलेन पतिपत्नींनी कॅलिफोर्नियात अल्कॉर स्थापन केली. पुढे भूकंपाच्या भीतीने ती १९९४ साली सर्व पात्रांसह ॲरिझोनातील स्कॉट्सडेल येथे हलली. १९७६ साली एटिंजर यांनी मिशिगनमध्ये क्रायॉनिक्स इन्स्टिट्यूट काढली आणि पुढच्याच वर्षी तिच्यात पहिला देह ठेवला तो त्यांच्या आईचा. आज या दोन्ही संस्थांत प्रत्येकी दोनशेंहून अधिक देह किंवा मस्तके आहेत. दोन्हींचा दंडक एकच: रक्कम संपूर्ण आणि आगाऊ. नातलगांच्या हप्त्यांवर देह राखला जाणार नाही. बहुतेक सभासद ही रक्कम आयुर्विम्यातून उभी करतात. हयातभर विम्याचा हप्ता भरायचा आणि मृत्यूनंतर विम्याचे पैसे संस्थेस जायचे. या रकमेचा एक भाग मुद्दल म्हणून अलग ठेवला जातो आणि त्याच्या उत्पन्नावर देहाची राखण व्हावी अशी योजना असते. अल्कॉरने तर १९९७ साली या मुद्दलाचा स्वतंत्र न्यासच केला, जेणेकरून संस्थेच्या चालू खर्चाची टंचाई मृतांच्या निधीपर्यंत पोहोचू नये.

आता थोडा हिशेब. अल्कॉरचे संपूर्ण देहाचे शुल्क दीर्घकाळ २ लाख डॉलर होते आणि त्यांतील १ लाख १५ हजार या न्यासात जात. महागाई वजा जाता २ टक्के उत्पन्न धरले तर वर्षाला २,३०० डॉलर पदरी पडतात. मिशिगनच्या संस्थेचे किमान शुल्क अनेक दशके २८ हजार डॉलरच राहिले आहे. ते सगळेच्या सगळे मुद्दलात गेले असे मानले तरी त्याच दराने वर्षाला ५६० डॉलर. एवढ्यात एक देह उणे १९६ अंश सेल्सिअसवर ठेवणे परवडते तरी कसे?

याचे उत्तर पात्राच्या आकारात आहे. निर्वात भिंतींच्या पोलादी रांजणात विजेची गरज नसते. द्रव नायट्रोजन हळूहळू उडून जातो आणि जेवढा उडाला तेवढा पुन्हा ओतावा लागतो. देवळातील नंदादीपाला जसे तेल, तसाच हा प्रकार. नायट्रोजन उडतो तो पात्राच्या पृष्ठभागाच्या प्रमाणात. देह मावतात ते पात्राच्या घनफळाच्या प्रमाणात. पात्र मोठे करीत गेले तर घनफळ पृष्ठभागापेक्षा वेगाने वाढते. म्हणून एकट्या माणसाची कुपी ही सर्वांत महाग आणि अनेकांचा एकत्र रांजण हा सर्वांत स्वस्त. अल्कॉरच्या उभ्या रांजणात चार देह डोके खाली करून ठेवलेले असतात. गळती झालीच तर पाय आधी वितळावेत आणि मेंदू सर्वांत शेवटी, हा त्यामागील हेतू. बेडफर्डही सुमारे चोवीस वर्षे एकांतातील कुपीत काढून १९९१ साली अशाच सामायिक पात्रात आले. या चळवळीत जमलेली मंडळी बव्हंशी कट्टर व्यक्तिवादी, सरकार आणि समष्टी या शब्दांनाच नाके मुरडणारी. त्यांना पदार्थविज्ञानाच्या एका साध्या नियमाने सहकाराच्या दाराशी आणून सोडले, ही गंमत त्यांच्यापैकी फारच थोड्यांच्या ध्यानी आलेली दिसते.

एकट्याने केलेल्या प्रयत्नाचे उदाहरण फ्रान्समध्ये आहे. रेमाँ मार्तिनो या वैद्याने १९८४ साली मृत पत्नीचा देह लुआर प्रदेशातील आपल्या वाड्याच्या तळघरात शीतपेटीत ठेवला. २००२ साली तो स्वतः मरण पावल्यावर मुलाने त्यालाही तेथेच ठेवले. फ्रेंच न्यायसंस्थेने दफन किंवा दहन करण्याचा आदेश दिला. मुलगा लढत राहिला. अखेर २००६ साली यंत्रात बिघाड होऊन तापमान उणे २० अंशांपर्यंत चढले, ते वेळेवर कोणास कळले नाही, आणि दोन्ही देहांचे दहन करावे लागले. मुलाच्या निष्ठेत कसूर नव्हती. पण एक घर म्हणजे संस्था नव्हे.

मात्र संस्थेच्या टिकाऊपणाची जी भिस्त चक्रवाढ व्याजावर ठेवली जाते, तिच्याकडे संशयाने पाहणे भाग आहे. कागदावर १,००० डॉलर ७ टक्क्यांनी दोनशे वर्षे ठेवले तर त्यांचे सुमारे ७५ कोटी होतात. गोठलेला मनुष्य झोपेतून उठेल तो कुबेर होऊनच, हे स्वप्न एटिंजर यांच्या काळापासून दाखवले गेले आहे. सुदैवाने या स्वप्नाची परीक्षा इतिहासात एकदा होऊन गेली आहे. बेंजामिन फ्रँकलिन १७९० साली वारले तेव्हा त्यांनी बॉस्टन आणि फिलाडेल्फिया या शहरांना प्रत्येकी १,००० पौंड दोनशे वर्षांच्या मुदतीने ठेवले. (याच फ्रँकलिन यांनी १७७३ साली एका फ्रेंच स्नेह्यास लिहिले होते की, मदेइरा मद्याच्या पिंपात बुडवून ठेवावे आणि शतकानंतर उठवून अमेरिका कशी झाली आहे ते दाखवावे!) ही रक्कम उमेदवारी पुरी केलेल्या तरुण कारागिरांना ५ टक्क्यांनी कर्जाऊ द्यावी, शंभर वर्षांनी तिचे १ लाख ३१ हजार पौंड व्हावेत, त्यांतील १ लाख लोकोपयोगी कामांस लावावेत आणि उरलेल्याचे आणखी शंभर वर्षांनी ४० लाखांहून अधिक पौंड व्हावेत, असा त्यांचा हिशेब होता.

घडले काय? कारखानदारी आली आणि उस्तादाच्या हाताखालची उमेदवारीची पद्धतच लोपली. कर्ज घेण्यास पात्र तरुण मिळेनात. काहींनी घेतलेले बुडवले. दोन्ही शहरांनी निधीचा विनियोग आपापल्या मतीने बदलला. १९९० साली बॉस्टनच्या निधीत ४५ लाख डॉलरच्या वर आणि फिलाडेल्फियात सुमारे २० लाख डॉलर निघाले. मुद्दल एकच, अटी एकच, मुदत एकच. दोन शहरांनी ती दोन परींनी राखली म्हणून शिल्लक दुपटीहून अधिक फरकाची. व्याजाच्या कोष्टकात हा फरक कोठेच दिसत नाही. आणि हे फ्रँकलिनसारख्या राष्ट्रपुरुषाच्या, लोकोपयोगी हेतूच्या निधीचे झाले. मृताच्या खाजगी इच्छेसाठी ठेवलेल्या निधींचे भवितव्य याहून बिकट असते. इंग्लंडात मृतांच्या आत्म्यासाठी अखंड प्रार्थना व्हावी म्हणून श्रीमंतांनी जमिनी लावून दिल्या होत्या. १५४७ साली एका कायद्याने त्या सर्व राजसत्तेने ताब्यात घेतल्या. काळ बदलला, श्रद्धा बदलली, तिजोरी रिकामी होती. मेलेल्यांनी तक्रार केली नाही.

तर मग राज्यसंस्थेच्या हाती देह सुरक्षित राहतो काय? समाजवादी वाचकाला येथे मॉस्कोची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९२४ साली लेनिन निवर्तले तेव्हा लिओनिद क्रासिन या अभियंता-मंत्र्याने देह गोठवूनच ठेवावा असा आग्रह धरला होता आणि त्यासाठी जर्मनीतून यंत्रसामग्रीही मागवली गेली. तो बेत मागे पडून रासायनिक पद्धत स्वीकारली गेली. तेव्हापासून एक संपूर्ण प्रयोगशाळा या एका देहासाठी राबत आली आहे. महायुद्धात १९४१ साली तो सैबेरियातील त्यूमेनला नेऊन चार वर्षे तेथे ठेवला होता. सोव्हिएत सत्ता १९९१ साली गेली आणि प्रयोगशाळेचे अनुदान आटले. तेव्हा देणग्यांवर आणि नवश्रीमंतांच्या प्रेतांना मसाला भरून मिळणाऱ्या कमाईवर तिने दिवस काढले. पुढे सरकारी पैसा पुन्हा आला. २०१६ साली सुमारे १ कोटी ३० लाख रुबल मंजूर झाल्याचे जाहीर झाले. शंभर वर्षे देह टिकला खरा, परंतु त्यासाठी एका महासत्तेची तिजोरी लागली, आणि ज्या कष्टकऱ्यांच्या नावाने ती उघडली गेली त्यांना कोणी विचारले नव्हते. लेनिन यांच्या पत्नी क्रुप्स्काया यांचाही या प्रदर्शनाला विरोध होता.

त्याच रशियात २००५ साली क्रियोरुस नावाची खाजगी कंपनी निघाली. तिच्या संस्थापकांतील एक जोडपे विभक्त झाले, मालकीचा वाद पेटला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये एका पक्षाने देहांसहित रांजण मालमोटारींवर चढवून नेण्याचा प्रयत्न केला. पोलिसांनी तो थांबवला. ज्यांनी अमरत्वासाठी पैसे मोजले होते ते घटस्फोटाच्या वाटणीतील जंगम मालमत्ता होऊन रस्त्यात उभे राहिले.

म्हणून संस्थेची घटना हा येथे तांत्रिक तपशील नव्हे. सारा प्रश्न तोच आहे. मिशिगनच्या संस्थेत संचालक सभासदांच्या मतांनी निवडले जातात. अल्कॉरचे संचालक आपले उत्तराधिकारी आपणच निवडतात. बहुमताच्या लहरीपासून मृतांना वाचवावे, असे त्याचे समर्थन केले जाते. परंतु मृत तर मत देत नाहीत, आणि जिवंत सभासदांनाही मत नसेल तर संचालकांना जाब विचारायचा कोणी? दोन्ही ठिकाणी एक गोष्ट मात्र हितावह आहे. कारभार पाहणारे स्वतः सभासद आहेत. ज्या रांजणाची राखण करायची त्यातच त्यांना उद्या जायचे आहे. एटिंजर स्वतः २०११ साली वयाच्या ९२ व्या वर्षी आपल्या आईच्या व दोन्ही पत्नींच्या शेजारी त्याच संस्थेत गेले. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीत असा बंध निर्माण होत नाही.

या सामायिक निधीचा समंजसपणा मात्र अलीकडे एका वेगळ्याच प्रथेने पोखरला जात आहे. श्रीमंत सभासद राखणीच्या खर्चापलीकडे आपली उरलेली संपत्ती स्वतःच्याच नावे न्यास करून ठेवू लागले आहेत. उठल्यावर ती परत मिळावी म्हणून. मृताने जिवंतांच्या संपत्तीवर अनंत काळ हात ठेवू नये, असा इंग्रजी कायद्याचा जुना दंडक आहे. भारताच्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या चौदाव्या कलमात तोच आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांनी बँकांचा व्यवसाय ओढून आणण्यासाठी हा दंडक शिथिल किंवा रद्द केला. दक्षिण डाकोटाने तर १९८३ सालीच. सामायिक रांजणासाठी ठेवलेला निधी आणि हा निधी यांत मूलभूत भेद आहे. पहिला राखणीचे मोल देतो: जो कामगार टँकरमधून नायट्रोजन आणतो, जो रात्रपाळीत पातळी मोजतो, त्याच्या श्रमाची किंमत चुकवतो. दुसरा मात्र अजून न जन्मलेल्या पिढ्यांनी आपल्या श्रमातून व्याज निर्माण करून ते निद्रिस्त धनकोच्या खात्यावर जमा करीत राहावे, अशी अपेक्षा करतो. ही अपेक्षा त्या पिढ्या किती काळ पुरवतील, याचे उत्तर १५४७ सालच्या इंग्लंडने देऊन ठेवले आहे. आणि त्यांनी ती नाकारली तर त्यांना दोष देता येणार नाही.

राज्यसंस्थेने येथे काय करावे? बंदी घालण्याचे कारण नाही. स्वतःच्या देहाचे काय व्हावे हे ठरवण्याचा मनुष्याचा अधिकार मान्यच केला पाहिजे. मिशिगन राज्याने २००३ साली क्रायॉनिक्स इन्स्टिट्यूटचे काम थांबवण्याचा आदेश काढला आणि नंतर तिला दफनभूमी म्हणून परवाना दिला. अमरत्वाच्या संस्थेने दफनभूमी म्हणवून घ्यावे यात थोडा विनोद आहे, पण मार्ग योग्य आहे. त्यापुढे जाऊन प्रत्येक अशा संस्थेचा राखण-निधी अविभाज्य ठरवावा, त्याची तपासणी दरवर्षी बाहेरच्या हिशेबनिसाकडून होऊन ती छापली जावी, आणि संस्था बुडाल्यास तिचे देह मुद्दलासह दुसऱ्या संस्थेने स्वीकारण्याचा करार आधीच झालेला असावा. हे अशक्य नाही. अल्कॉरमधून फुटून १९९३ साली निघालेली क्रायोकेअर ही संस्था दशकअखेरीस बंद पडली. तेव्हा तिच्याकडील देह रीतसर दुसरीकडे सोपवले गेले. त्यांना नेण्यासाठी पोलीस लागले नाहीत, की कोणाच्या मुलाला भाड्याचा गाळा शोधावा लागला नाही.